आगमनकाळ : नाताळाआधीचे चार रविवार

पाश्चात्त्य ख्रिस्ती उपासनेचे वर्ष एक जानेवारीला सुरू होत नाही आणि नाताळलाही नाही. ते सुरू होते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या सात दिवसांत कधीही येतो, म्हणून हा काळ कमीत कमी २२ आणि जास्तीत जास्त २८ दिवसांचा असतो. २०२२ मध्ये नाताळ रविवारी आल्याने तो २७ नोव्हेंबरलाच सुरू झाला आणि पुरे चार आठवडे चालला. पुढच्याच वर्षी नाताळ सोमवारी आला आणि आगमनकाळ ३ डिसेंबरपर्यंत पुढे सरकला.

हा काळ म्हणजे केवळ नाताळाची तयारी, असा समज सर्वत्र आहे. तो अपुरा आहे. ख्रिस्तसभा या दिवसांत दोन आगमनांचे चिंतन करते : बेथलेहेमात झालेला येशूचा जन्म आणि काळाच्या अंती होणारे त्याचे पुनरागमन. त्यांतही दुसऱ्याचा मान आधी. पहिल्या रविवारचे शुभवर्तमान पाळण्याविषयी काही बोलत नाही. ते बजावते ते जागे राहायला, कारण तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही. वर्षाची सुरुवात अशी शेवटाच्या विचाराने व्हावी, यातच या काळाचे गांभीर्य आहे. बाराव्या शतकात क्लेअरव्हॉचे संत बर्नार्ड यांनी या दोहोंमध्ये तिसरे आगमन सांगितले : माणसाच्या अंतःकरणात नित्य होणारे, डोळ्यांना न दिसणारे.

या प्रथेची मुळे रोममध्ये नव्हे, तर स्पेन आणि गॉलमध्ये सापडतात. ३८० मध्ये स्पेनमधील सारागोसा येथे भरलेल्या धर्मपरिषदेने १७ डिसेंबर ते ६ जानेवारी या एकवीस दिवसांत कोणीही चर्चमध्ये गैरहजर राहू नये, असा नियम केला. पाचव्या शतकात गॉलमधील तूर शहराचे बिशप पर्पेच्युअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास नेमून दिले. प्रायश्चित्ताची ही छटा गॉलमधून आली. रोममध्ये मात्र या काळाचा सूर उत्कंठेचा होता, आणि चार रविवारांची मर्यादा पोप पहिले ग्रेगरी यांच्या काळाशी, म्हणजे सहाव्या शतकाच्या अखेरीशी, जोडली जाते. पुढे दोन्ही धारा एकत्र आल्या. मिलान शहराची आंब्रोसियन परंपरा आजही सहा रविवारांचा आगमनकाळ पाळते.

या दुहेरी वारशाच्या खुणा उपासनेत स्पष्ट दिसतात. धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो, वेदीवरची फुले आणि वाद्यांचा वापर बेताचा असतो. देवदूतांचे गौरवगीत रविवारच्या मिस्सामध्ये गायले जात नाही. ते बेथलेहेमच्या रात्रीचे गीत आहे, म्हणून त्या रात्रीपर्यंत राखून ठेवले जाते. आलेलुया मात्र चालू राहतो. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात तोही थांबतो. दोन्ही काळांचा रंग एक असला, तरी आगमनकाळाच्या गांभीर्याखाली आनंद असतो, आणि तिसऱ्या रविवारी तो वर येतो. त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्र वापरता येते.

वाचनांनाही क्रम आहे. पहिल्या रविवारनंतरचे दोन रविवार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे. चौथ्या रविवारी मरिया, योसेफ किंवा अलीशिबा यांच्या कथेतून जन्माची चाहूल लागते. सगळ्या काळावर छाया असते ती यशया संदेष्ट्याची, ज्याने लांडगा आणि कोकरू एकत्र राहतील असे दिवस पाहिले.

१७ डिसेंबरपासून काळाचा रोख पालटतो. पुनरागमनाचा विचार मागे पडून जन्माची घटका जवळ येते. त्या दिवसापासून २३ डिसेंबरपर्यंत रोज सायंप्रार्थनेत मरियेच्या स्तोत्राआधी एक प्राचीन आळवणी म्हटली जाते. सात दिवसांच्या सात आळवण्या ख्रिस्ताला सात नावांनी हाक मारतात : ज्ञान, प्रभू, इशायाचा अंकुर, दाविदाची किल्ली, उगवती प्रभा, राष्ट्रांचा राजा आणि इम्मानुएल. सगळी नावे जुन्या करारातून घेतलेली आहेत आणि प्रत्येक आळवणीत ‘ये’ अशी विनवणी आहे. आगमनकाळाचे सार इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठे सापडत नाही.

घराघरांतील प्रथा त्या मानाने अलीकडच्या. मेणबत्त्यांचे चक्र ही जर्मनीची देणगी. योहान हिनरिच विकर्न या लुथरन धर्मोपदेशकाने हॅम्बुर्गमध्ये निराधार मुलांसाठी आश्रम चालवला होता. नाताळ किती दिवसांवर आला हे त्या मुलांना कळावे, म्हणून १८३९ मध्ये त्याने गाडीच्या चाकावर चार मोठ्या पांढऱ्या आणि वीस लहान लाल मेणबत्त्या बसवल्या. मोठ्या रविवारच्या, लहान इतर दिवसांच्या. पुढे लहान मेणबत्त्या गळाल्या, सदाहरित फांद्या आल्या, आणि विसाव्या शतकात हे चक्र कॅथलिक चर्चमध्येही पोहोचले. तिथे तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती लावण्याची रीत रूढ आहे.

दिवस मोजण्याची दिनदर्शिकाही जर्मनीचीच. आधी दारावर खडूच्या रेघा ओढून रोज एक पुसली जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकच्या गेरहार्ड लांग यांनी छापील दिनदर्शिका लोकप्रिय केली आणि पुढे तिला रोज उघडायच्या छोट्या खिडक्या आल्या. आता त्या खिडक्यांमागे चॉकलेट असते आणि मोजणी दरवर्षी १ डिसेंबरलाच सुरू होते, मग पहिला रविवार कधीही येवो. बाजाराने काळाची चौकट घेतली आणि उपास मात्र बाहेर ठेवला, याची खंत अनेक धर्मगुरू व्यक्त करतात. ती रास्त आहे.

उपास खऱ्या अर्थाने टिकला तो पूर्वेकडे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती १५ नोव्हेंबरपासून चाळीस दिवसांचे व्रत पाळतात. केरळच्या सुरियानी परंपरेत १ डिसेंबरपासून पंचवीस दिवस मांसाहार वर्ज्य करण्याची प्रथा आहे. १९८८ मध्ये कल्याण येथे याच परंपरेचा सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला, त्यामुळे ही परंपरा महाराष्ट्रातही नांदते.

गोव्यात या काळाला स्वतःची लय आहे. संत फ्रान्सिस झेवियरचा सण ३ डिसेंबरला, म्हणजे तारखांच्या हिशेबाने नेहमी आगमनकाळातच येतो. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात त्याची नोव्हेना चालते. ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त असते. त्यानंतर घरोघरी नेवऱ्या, दोदोल आणि कुळकुलांची तयारी सुरू होते. वसईतही याच दिवसांत गोठे उभे राहू लागतात. गव्हाणीत बाळ येशूची मूर्ती मात्र नाताळच्या रात्रीच ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे.

२४ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेने आगमनकाळ संपतो आणि नाताळाचा काळ सुरू होतो. ही तारीख रविवारी आली, जशी २०२३ मध्ये आली होती, तर चौथा आठवडा एका दिवसाचाही उरत नाही. सकाळी चौथ्या रविवारची जांभळी वस्त्रे आणि त्याच रात्री नाताळची शुभ्र.