कॅप्टनच्या पंगतीला काय घालायचं?

तिकीट कन्फर्म झालं, व्हिसा आला, बॉसचं तोंड वाकडं होऊन का होईना पण रजाही मंजूर झाली. आता फक्त बॅग भरायची. आणि मग जहाज कंपनीच्या मेलमध्ये खाली कुठेतरी ती ओळ दिसते. दोन रात्री 'गाला इव्हिनिंग', पुरुषांनी ब्लॅक टाय किंवा डार्क सूट घालून जेवायला यावं.

बायकांचा प्रश्न नसतो. पैठणी काढली की जगातल्या कुठल्याही डायनिंग हॉलमध्ये माना वळतात. पुरुष मात्र कपाट उघडून नुसता उभा. आत काय असतं? ऑफिसचे आठ फॉर्मल शर्ट, त्यातले सहा निळे. दोन चिनो. आणि प्लॅस्टिकच्या कव्हरात लटकलेला रिसेप्शनचा सूट, मरून रंगाचा, किंचित चमकणारा आणि पोटावर आता अजिबात न बसणारा.

आधी घाबरू नका. सगळी जहाजं काही इतकी कडक नसतात. मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलियाच्या गोवा-लक्षद्वीपच्या ट्रिप्स सुरू झाल्या, तिथे तुम्ही टक्सिडो घालून अवतरलात तर लोक तुम्हाला ऑर्केस्ट्रावाला समजतील. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० मध्येच 'फ्रीस्टाइल' म्हणत सुटाबुटाची सक्ती सोडली. सेलिब्रिटीने २०१५ च्या शेवटी 'फॉर्मल नाइट' हा शब्दच काढून 'इव्हिनिंग शिक' आणला. म्हणजे टापटीप या, पण टाय नसला तरी चालेल. अजूनही हट्टाने जुनी रीत सांभाळणाऱ्यांमध्ये पहिलं नाव घ्यायचं ते क्युनार्डचं. १८४० पासून अटलांटिक ओलांडणारी कंपनी ती, तिला थोडा नखरा शोभतो.

माझा अनुभव याच कंपनीच्या क्वीन मेरी टूवरचा, २०२३ च्या जुलैतला. आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून न्यू जर्सीच्या ताईने आम्हा तिघांना साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्कचं तिकीट काढून दिलं. ७ रात्री, मध्ये एकही बंदर नाही. बाबा वीज मंडळातून रिटायर झालेले. आयुष्यभर अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशाला पेन. मी मेल वाचून दाखवला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही दोघं जा जेवायला. मला खोलीत काहीतरी मागवा. दहीभात मिळाला तर उत्तमच."

आईने काहीच म्हटलं नाही. ती न बोलता उठून चहा टाकायला गेली, आणि आमच्या घरात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. ४० वर्षांच्या संसाराचं सेलिब्रेशन, आणि ती टेबलावर, हे केबिनमध्ये?

बाबांच्या आधी १३५ वर्षं आणखी एका माणसाने जहाजावर हेच केलं होतं. ४ सप्टेंबर १८८८ ला मुंबईहून बॅरिस्टर व्हायला निघालेले मोहनदास गांधी. काटा-चमचा कसा धरायचा माहीत नाही, कुठल्या पदार्थात मांस आहे हे विचारायची लाज, म्हणून बोटीवर बहुतेक वेळ केबिनमध्येच खायचे. सोबत नेलेली मिठाई आणि फळं. बोटीवर काळा सूट वापरला आणि मित्रांनी करून दिलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट खास इंग्लंडात उतरायच्या दिवसासाठी राखून ठेवला. उतरले तर सप्टेंबरअखेर, आणि आख्ख्या गर्दीत पांढऱ्यात ते एकटेच! सामान एजंटच्या ताब्यात, दुसऱ्या दिवशी रविवार. बदलायचं म्हटलं तरी कपडे नाहीत. हे सगळं त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलंय. मी बाबांना ते वाचायला दिलं. बाबा म्हणाले, "पुढे त्यांनी पंचा नेसला, ते विसरू नकोस."

काळा टाय नव्हे, ब्लॅक टाय

एक घोटाळा आधीच मिटवू. 'ब्लॅक टाय' म्हणजे काळा लांब टाय नव्हे. तो आख्खा पोशाख आहे. काळा किंवा मिडनाइट ब्लू डिनर जॅकेट, त्याच्या लॅपलवर सॅटिनची पट्टी, तशीच पट्टी पँटच्या बाजूला, पांढरा शर्ट, काळा बो टाय. बेल्ट नाही. अमेरिकन लोक यालाच टक्सिडो म्हणतात. लंडनच्या सॅव्हिल रोवरचे शिंपी हेन्री पूल यांच्या दुकानाकडून सांगितलं जातं की, १८६५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, घरगुती जेवणासाठी शेपटी नसलेलं आखूड जॅकेट शिवून घेतलं. त्याच्याकडे येऊन गेलेल्या पाहुण्याने ती फॅशन न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कला नेली. आज आपल्याला ज्याची धडकी भरते तो पोशाख मुळात 'जरा मोकळं बसू या' म्हणून शिवला होता, बोला!

आणि त्यातला कमरेचा तो चुणीदार पट्टा, कमरबंड? तो आपलाच. कमरबंद. हिंदुस्थानातल्या उकाड्यात वेस्टकोटने जीव नकोसा झालेल्या गोऱ्या साहेबांनी इथला कमरपट्टा उचलला. तांबड्या समुद्रातून जाताना तर बोटीवर जॅकेटही उतरवायचे, नुसता शर्ट, बो आणि कमरबंद. त्या पोशाखाला नावच पडलं 'रेड सी रिग'. तर कमरबंद घालायचाच असेल तर चुण्यांची तोंडं वर. खाली केलीत तरी जेवण मिळतं, पण शेजारचा म्हातारा इंग्रज मनातल्या मनात मार्क कापतो.

मग टक्सिडो घ्यावा का? माझं स्पष्ट मत, नाही. आयुष्यात दोन-तीन संध्याकाळी घालायच्या वस्तूवर तेवढा खर्च करायची गरज नाही. हवाच असेल तर लग्नाच्या शेरवान्या भाड्याने देणाऱ्या दुकानांत आता टक्सिडोही मिळतात. फक्त खांदा नीट बसतोय ना ते बघा. बाही, पँट, पोट सगळं टेलर मारून-सोडून देतो, खांदा मात्र देत नाही. पांढऱ्या डिनर जॅकेटचा मोह टाळा. ते उष्ण प्रदेशातलं, कॅरेबियनमध्ये छान दिसतं, नॉर्थ अटलांटिकवर नाही. शिवाय वेटरही कधीकधी पांढऱ्या जॅकेटात असतात. कुणीतरी तुमच्याकडे सूप मागेल.

नियमातला दुसरा पर्याय डार्क सूट. नेव्ही किंवा चारकोल घ्या, आयुष्यभर इंटरव्ह्यूपासून साखरपुड्यापर्यंत चालतो. आत पांढराच शर्ट. निळ्या सहांपैकी एकही नको. टाय रेशमी, गडद, त्यावर मिकी माउस किंवा कंपनीचा लोगो नसलेला. आता जरा कान द्या, कारण आपले लोक इथेच मार खातात. डाव्या बाहीवर ब्रँडचं जे लेबल असतं ते दुकानापुरतं असतं, ते उसवायचं असतं. कोटाच्या मागच्या चिरेवर फुलीसारखा पांढरा दोरा असतो, तोही कापायचा. मी लग्नांमध्ये खुद्द नवरदेवांच्या पाठीवर ती फुली पाहिली आहे. शर्टाची कफ बाहीखालून अर्धा इंच दिसू द्या. कोटाचं शेवटचं बटण उघडं. मोजे काळे आणि लांब, बसल्यावर पोटरी दिसता कामा नये. बूट काळे, लेसचे, पॉलिश केलेले. ऑफिसचे चौकोनी टोकाचे ब्राऊन लोफर घरी राहू द्यात, त्यांनाही सुट्टी हवी असते.

बंदगळा झिंदाबाद

बाबांना यातलं काहीच नको होतं. टाय म्हटलं की त्यांचा हात आपोआप गळ्याकडे जायचा. मी परत नियम वाचायला बसलो आणि तिथेच उत्तर सापडलं. क्युनार्डच्या यादीत टक्सिडो आणि सूटच्या बरोबरीने फॉर्मल राष्ट्रीय पोशाखही आहे. स्कॉटिश किल्ट चालतो, तसा आपला बंदगळाही चालतो. ही 'चालवून घेतो' छापाची सवलत नव्हे, नियमातच लिहिलेलं.

गंमत बघा. २०१४ मध्ये चेन्नईच्या एका क्लबात हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना वेष्टी नेसली म्हणून आत सोडलं नव्हतं. इतका गदारोळ झाला की तामिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी कायदा करून अशी बंदी मोडीत काढली. साहेबाच्या जहाजाला जे कबूल, ते साहेब गेल्यावर आपल्याच क्लबांना पटायला कायदा लागला.

आणि जेवायला कपडे बदलून बसायचं हे आपल्याला नवीन थोडंच आहे? माझे आजोबा सणाच्या दिवशी कद नेसल्याशिवाय पंगतीला बसत नसत. कुणी शर्ट-पँटमध्ये सोवळ्याच्या पंगतीत घुसला असता तर आजीने त्याला गाला इव्हिनिंग दाखवली असती. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "मग मास्तरांकडे जाऊ," म्हणाले.

गिरगावातले आमचे टेलरमास्तर. काळं वूल-मिश्रित कापड, काळं अस्तर, बटणं त्याच कापडाची. मी सोनेरी बटणांकडे बघत होतो तर मास्तर म्हणाले, "ती बँडवाल्यांना." तीन ट्रायल झाल्या. बंदगळ्याचं सगळं मर्म कॉलरमध्ये. "एक बोट गेलं पाहिजे, दोन नकोत," इति मास्तर. एकही गेलं नाही तर स्वीट डिशपर्यंत माणूस लाल होतो, दोन गेली तर शाळेचा गणवेश वाटतो. आत पांढरा, नुसत्या पट्टीच्या कॉलरचा शर्ट, गळ्याशी त्याची बारीकशी रेघ दिसेल इतकाच. खाली सरळ काळी पँट. लांबी कमरेखाली, पण गुडघ्याच्या दिशेने निघालेली नाही, नाहीतर शेरवानी होते. शेरवानीही चालते म्हणा, पण भरतकाम, खडे आणि शेला नको. आज लग्न तुमचं नाहीये.

बिनबाह्यांचं नेहरू जॅकेट आणि कुडता मात्र गालाच्या रात्री कमी पडतो. तो इतर संध्याकाळींसाठी ठेवा. त्या दिवशी सहानंतर ब्लेझर किंवा नीटस कॉलरचा शर्ट एवढीच अपेक्षा असते, टाय मर्जीचा. कोल्हापुरी कितीही जीव की प्राण असली तरी बूटच घाला. उघडी पावलं त्या हॉलमध्ये खपत नाहीत.

समजा यातलं काहीच करायचं नाही, तरी उपाशी कोणी ठेवत नाही. क्वीन मेरीवर किंग्ज कोर्ट नावाचा बुफे आहे, पब आहे, तिथे गालाच्या रात्रीही साध्या कपड्यांत बसता येतं. बाबांना हे मी आधी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

पहिल्या गाला रात्री साडेआठला आम्ही ब्रिटानिया रेस्टॉरंटच्या जिन्यावर. आई मोरपंखी पैठणीत. बाबा दर पायरीला कॉलरमध्ये बोट घालून तपासत होते, एकच जातंय ना. आमचा वेटर मडगावचा निघाला. क्रूझच्या जहाजांवर गोव्याची माणसं असतातच, तरी कान सुखावतातच. "अंकल, कोट बरो दिसता," म्हणाला. समोर स्कॉटलंडचं वयस्कर जोडपं, आजोबा किल्टमध्ये. सूप येईपर्यंत ते आणि बाबा एकमेकांच्या कपड्यांचं कापड चिमटीत धरून बघत होते. बाबांचं इंग्रजी पॉवर ट्रान्सफॉर्मरवर छान चालतं, आणि ते आजोबा निघाले रिटायर्ड इंजिनीअर. त्या रात्री टेबलावरून सगळ्यात शेवटी कोण उठलं असेल ते सांगायला नको. आई तोवर दोनदा जांभई देऊन झाली होती.

बॅग भरताना

इस्त्री नेऊ नका. आगीच्या भीतीने जहाजावर काढून घेतात, स्टीमरही. क्युनार्डच्या जहाजांवर प्रवाशांसाठी लाँड्रीची खोली आणि इस्त्री असते, सगळीकडे नसते. नसेल तर कोट बाथरूममध्ये टांगून गरम शॉवर दहा मिनिटं सोडा, बऱ्याच सुरकुत्या जातात. विमानाने बंदराला जाणार असाल तर गालाचे कपडे हँडबॅगेत, कारण बॅग हरवली तर समुद्रात कुरिअर येत नाही. बो टाय बांधता येत नसेल तर तयार गाठीचा घ्या. आम्ही सांगणार नाही कुणाला.

पहिल्या आणि शेवटच्या रात्री सहसा गाला नसते. जुनीच रीत आहे ती. पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसायच्या, शेवटच्या रात्री बांधून झालेल्या असायच्या. आजही शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट बंदरावर भेटतात. तेव्हा सकाळी उतरायचे कपडे, विशेषतः पँट, आधी बाजूला काढून मगच बॅग दाराबाहेर ठेवा. ब्रुकलिनला आमच्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ वर नीटस ब्लेझर आणि खाली रात्रीचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून इमिग्रेशनला उभे होते.