मोटारसायकलीची मान

मोटारसायकलीच्या एंजिनाविषयी आपण तासन्‌तास बोलतो. तिच्या मानेची चौकशी क्वचितच करतो. सांगाड्याच्या पुढच्या टोकाला जी आखूड नळी असते ती ही मान. तिच्यातून हँडलचा दांडा आरपार जातो आणि वर-खाली पोलादी वाट्यांत बसवलेल्या छर्‍यांवर फिरतो. कारागीर या जोडणीला कोनसेट म्हणतात.

या छर्‍यांचे दुखणे मोठे विचित्र आहे. चाकातले छर्रे पुरा फेरा घेतात, म्हणून झीज सर्वत्र वाटली जाते. हँडल बहुतेक वेळ सरळच राहते. खड्ड्याचा प्रत्येक दणका त्याच जागी बसतो, तिथले ग्रीस बाजूला सरते आणि वाटीत खळगे पडतात. मग मधोमध आले की हँडल अडखळते. अशा वाट्या कितीही आवळल्या तरी व्यर्थ; छर्‍यांसह त्या बदलाव्याच लागतात. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया निघाली. तिच्या जुन्या बुलेटच्या मानेत छर्रे सुटेच असतात. उघडताना खाली कापड अंथरावे, नाहीतर ते अंगणभर शोधीत बसावे लागते!

वाट्या शाबूत असतील तर प्रश्न केवळ ढिलेपणाचा. पुढचा ब्रेक दाबताच 'खट्' असे वाजते. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे आणि फोर्कची खालची टोके मागेपुढे हलवावीत. खालच्या वाटीच्या सांध्यावर बोट ठेवले असता तिथे खेळ जाणवला तर कोनसेट ढिला. तो नळ्यांत जाणवला तर दोष फोर्कच्या बुशांचा. अपराध फोर्कचा आणि शिक्षा मानेला, असे पुष्कळदा घडते.

वरचा नट आणि पकडीचा बोल्ट सैल करून आतला नट थोडथोडा फिरवावा. खेळ संपताच थांबावे. वरचा नट आवळल्यावर पुन्हा तपासावे, कारण तेवढ्याने माप बदलते.

ढिल्यापेक्षा घट्ट बरे, ही समजूत आमच्या मते घातकी आहे. दुचाकी क्षणोक्षणी एका अंगाला कलते आणि हँडल त्याच अंगाला किंचित वळून तिला सावरते. हे आपल्या नकळत चालते. मान आखडली की सावरणे उशिरा होते, गाडी हळू चालतानाही नागमोडी जाते. आणि शेजारून मालमोटार जात असेल तर वीतभर चूकही पुरे होते. जुळणी योग्य असेल तर अधांतरी चाक मधून जरा ढकलताच आपल्याच भाराने कडेला वळते. केबली आड येत नाहीत ना, एवढे पाहावे.

आजच्या कित्येक गाड्यांत छर्‍यांऐवजी निमुळते रोलर असतात. ते बिंदूवर नव्हे, रेषेवर टेकतात, म्हणून दणका अधिक सोसतात. ते किती आवळावेत याचे माप मात्र त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावे.