पायाला कळत नाही, मग दुखतं कसं?

अमरावतीकडच्या धनजसारख्या गावात कुणी झाडावरून पडून मणक्याला मार लागला आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं, की घरच्यांना एकच घोर लागतो: चालणार कधी? दुखण्याचं कुणाच्या ध्यानीमनी नसतं. काही महिन्यांनी पेशंट सांगू लागतो, पायांची आग आग होते, करंट मारल्यासारखं होतं. चिमटा काढला तर कळत नाही, आणि तेच पाय रात्रभर झोपू देत नाहीत. मग कुणीतरी म्हणतंच, मनाचे खेळ आहेत.

ते मनाचे खेळ नाहीत. मज्जारज्जूला इजा झालेल्या सुमारे निम्म्या लोकांना अशी वेदना होते. पायांकडून येणारे संदेश थांबतात, पण मेंदूतली पायांची जागा शाबूत असते. इजेच्या वरच्या बाजूच्या आणि मेंदूतल्या पेशी अति संवेदनशील होऊन आपसूक उद्दीपित होत राहतात. प्रीगाबालिनसारख्या गोळ्यांनी काहींना उतार पडतो, अनेकांना पुरेसा पडत नाही.

म्हणून उपचार मेंदूकडे वळला. 1991 साली जपानच्या त्सुबोकावा यांनी हालचाली घडवणाऱ्या मेंदूच्या भागावर इलेक्ट्रोड बसवून वेदना कमी होते, हे दाखवलं. त्यासाठी कवटी उघडावी लागे. 2006 साली फेलिपे फ्रेग्नी आणि सहकाऱ्यांनी मज्जारज्जूची इजा असलेल्या 17 जणांवर कवटी न उघडता प्रयोग केला. खाऱ्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, एक डोक्यावर त्याच भागाच्या वर, दुसरा कपाळावर. 2 मिलिअँपिअरचा प्रवाह, रोज 20 मिनिटं, सलग 5 दिवस. कातडीला जरा खाज येते, एवढंच. नुसता उपचाराचा देखावा केलेल्या गटापेक्षा खऱ्या प्रवाहाच्या गटाची वेदना जास्त घटली. पुढच्या एका अभ्यासात मात्र जुन्या इजेच्या पेशंटना फायदा दिसला नाही. मेंदूला बाहेरून चुंबकीय झटके देण्याच्या दुसऱ्या एका पद्धतीमागे पुरावा अधिक भक्कम आहे, पण तिचं यंत्र मोठं आणि महाग.

मला स्पंजवाल्या यंत्राची आशा वाटते ती त्याच्या आकारामुळे. व्हीलचेअरवरच्या माणसाला धनजहून अमरावतीची रोजची खेप परवडत नाही, शरीराला आणि खिशालाही. परदेशात हे यंत्र घरी देऊन व्हिडिओ कॉलवरून देखरेख करण्याचे प्रयोग झाले आहेत; आपल्याकडेही तसं व्हायला हवं. तोवर घरी बॅटरी जोडून कुणी स्वतःवर प्रयोग करू नयेत, कातडी भाजू शकते. आणि फिट येत असतील किंवा डोक्यात धातूची पट्टी असेल, तर ते डॉक्टरांना उपचाराआधीच सांगावं.