मुंबई ते जेद्दाह : अंतर किती, वेळ किती?

सौदी अरबस्तानात तांदूळ, मसाला, कांदा पाठविणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांना अधूनमधून जेद्दाहची फेरी करावीच लागते. पहिल्यांदा जाणारा मात्र तिकीट पाहून गोंधळतो. समजा, विमान मुंबईहून सकाळी ९ ला निघून दुपारी १२ ला जेद्दाहला पोहोचते असे छापले आहे. म्हणजे प्रवास तीन तासांचा? परतीचे विमान दुपारी २ ला निघून रात्री साडेनऊला मुंबईत येते. म्हणजे साडेसात तास?

दोन्ही हिशोब चूक. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते आणि सौदीचे घड्याळ आपल्यामागे अडीच तास चालते. जाताना अडीच तास मिळवावेत, येताना वजा करावेत. जाणे साडेपाच तासांचे, येणे पाच तासांचे ठरते.

उरलेला अर्धा तास वाऱ्याचा आहे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते विमानाला अडवितात, येताना पाठीमागून ढकलतात. विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर आणि वारा १०० चा धरला, तर तेवढ्याच वाटेला सुमारे एका तासाचा फरक पडतो. पावसाळ्यात हे वारे उत्तरेकडे सरकतात आणि फरक घटतो.

अंतर म्हणाल तर सरळ हवाई मार्गाने सुमारे ३,५०० किलोमीटर. विमानवाले ते १,९०० सागरी मैल सांगतात. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. साधा मैल समजून गुणाकार केला तर साडेचारशे किलोमीटर कमी भरतात.

आता स्वस्त तिकिटाचे पाहू. दुबईमार्गे गेल्यास अंतर जेमतेम शंभर किलोमीटरने वाढते, कारण दुबई वाटेपासून फारशी दूर नाही. वेळ मात्र कितीतरी वाढतो. दोनदा चढणे-उतरणे आणि मधला मुक्काम कधी दोन तासांचा, कधी दहा तासांचा. तिकिटात वाचलेले पैसे आणि गेलेला दिवस, दोन्ही एकाच वहीत मांडून मगच निर्णय घ्यावा, असे आम्हाला वाटते.

दिवसांचा हिशोब तर तासांहून महत्त्वाचा! सौदीत पूर्वी गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे. २०१३ पासून ती शुक्रवार-शनिवार झाली. दुबईत २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी असून शुक्रवारी अर्धा दिवस काम चालते. आपल्या बँका रविवारी बंद, सौदीच्या शुक्रवारी-शनिवारी. म्हणून दोन्हीकडच्या बँका एकाच वेळी उघड्या असे दिवस सोमवार ते गुरुवार, चारच. त्यातही जेद्दाहची कचेरी सकाळी ९ ला उघडते तेव्हा आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात. रमजानमध्ये तिकडच्या मुस्लिम कामगारांना कायद्याने दिवसाला सहाच तास काम असते. त्या महिन्यात भेटी आधी ठरवून घ्याव्यात.

गुरुवारी संध्याकाळी जेद्दाहला उतरणारा व्यापारी बँकेच्या कामासाठी दोन दिवस हॉटेलचे भाडे भरीत बसतो. शनिवारी रात्री मुंबईहून निघालेला रविवारी सकाळी कागद घेऊन बँकेच्या दारात उभा असतो.