नाव माशीचं, रूप माशाचं : समुद्री गळासाठी नकली मासा कसा बांधतात?

आपल्या जोतिबा डोंगराच्या गावाचं नाव वाडी रत्नागिरी. समुद्रकाठची रत्नागिरी मात्र आंबा घाट उतरून पलीकडे. आपल्या डोंगरावर पडलेला पाऊस पंचगंगा-वारणेतून कृष्णेला आणि तिथून पूर्वेच्या बंगालच्या उपसागराला मिळतो. मग आपल्याला समुद्रातल्या मासेमारीचं काय? सुट्टीत कोकणात मामाकडे जाणारी मुलं वर्गात हाच विषय काढतात, म्हणून आजचा पाठ.

नदीवर आपण गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतो. फ्लाय फिशिंगमध्ये खरं आमिष नसतंच. गळावरच केस, पिसं दोऱ्याने बांधून आमिष तयार करतात. फ्लाय म्हणजे माशी. गोड्या पाण्यातले काही मासे किडे खातात, म्हणून हे नाव पडलं. पण खाडीतला जिताडा किंवा तांबोशी लहान मासे, कोळंबी खातो. त्यामुळे समुद्रासाठी बांधायची ती 'माशी' बहुधा छोट्या माशासारखी असते.

अमेरिकेतल्या बॉब क्लाउझर यांनी १९८७ च्या सुमारास सस्क्वेहाना नदीवर 'क्लाउझर मिनो' हा नमुना तयार केला. नदीसाठी केलेला हा नमुना पुढे समुद्रातही चालला. बांधायलाही तो सोपा आहे.

साहित्य : न गंजणारा गळ, मजबूत दोरा, डंबेलच्या आकाराचे धातूचे डोळे, शेळीच्या शेपटीचे पांढरे व हिरवे रंगवलेले केस, थोडी चकमकीत जर, नेलपॉलिश. परदेशात हरणाच्या शेपटीचे केस वापरतात. आपण त्याच्या मागे लागायचं नाही. आपल्याकडे हरणांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

कृती :
१. आधी पकडीने गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट करा. मग गळ शेगड्यात घट्ट बसवा.
२. दांड्यावर दोऱ्याचे वेढे घ्या. नेढ्याच्या थोडं मागे, दांड्याच्या वरच्या बाजूला धातूचे डोळे ठेवून इंग्रजी आठच्या आकाराचे वेढे देऊन आवळा.
३. त्याच बाजूला पांढऱ्या केसांची बारीक बट डोळ्यांच्या पुढे व मागे बांधा.
४. गळ उलटा करा. या बाजूला जरीचे चार-पाच धागे आणि त्यावर हिरवे केस डोळ्यांच्या पुढे बांधा.
५. गाठ मारून तोंडाला नेलपॉलिश लावा.

आता 'का?' बघू. डोळ्यांचं वजन दांड्याच्या एका बाजूला आहे. पाण्यात ती जड बाजू खाली जाते आणि गळाचं टोक वर राहतं. म्हणून तो खडकात कमी अडकतो. पांढरे केस पोट होतात, हिरवे पाठ. बऱ्याच माशांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं. वरून पाहिलं तर गडद पाण्यात आणि खालून पाहिलं तर उजेडात ते मिसळून जातात. दोरी ओढली की नकली मासा पुढे पळतो, थांबलं की डोकं खाली करून बुडतो. जखमी मासा असाच हलतो, आणि शिकारी माशाला सोपं सावज हवंच असतं!

नेहमीची चूक कोणती? केस जास्त लावणं. माझे पहिले नमुने दाढीच्या ब्रशसारखे झाले होते. जाड झुपक्याला हवा अडते, शिवाय तो पाणी धरून जड होतो. या प्रकारात आमिषाच्या नव्हे तर दोरीच्या वजनाने फेक होते. म्हणून केस विरळच हवेत.

आणि तो उलटा काटा का दाबायचा? एकदा न दाबलेला गळ माझ्याच अंगठ्यात रुतला. आत सहज गेला, बाहेर मात्र दवाखान्यातच निघाला. माशाचंही तसंच होतं. काटा नसला तर मासा फार इजा न होता सोडता येतो. जिताडा आधी नर असतो, मोठा झाल्यावर बहुतेक मादी होतो. म्हणजे फोटोसाठी हातात धरलेला भला मोठा जिताडा बहुधा अंडी देणारी मादी असते. तिला परत पाण्यात सोडता आलं, तर पुढच्या सुट्टीतही खाडीत जिताडा असेल.

करून पाहा : घरी गळाऐवजी वाकवलेली तार, केसांऐवजी लोकर आणि डोळ्यांऐवजी दोन जड मणी घ्या. बादलीत सोडा. कोणती बाजू खाली जाते? मणी दुसऱ्या बाजूला बांधून पुन्हा पाहा आणि निरीक्षण वहीत लिहा.