पोहण्याबद्दल घरोघरी चालणारे गैरसमज

मे महिन्याची सुट्टी लागली की मुलं नानीच्या गावाला जातात आणि भर दुपारी विहिरीवर, नदीवर नाहीतर शेततळ्यावर पोचतात. सुट्टीआधी आम्ही शिक्षक वर्गात पाण्याचा विषय काढतो, तेव्हा कळतं की मुलांच्या कानावर घरातूनच बरंच चुकीचं पडलेलं आहे.

सगळ्यात घातक समज म्हणजे बुडणारा माणूस ओरडतो. सिनेमात ओरडतो. खऱ्यात बहुतेक वेळा आवाजच होत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घ्यायला वेळ पुरत नाही, तर हाक कुठून मारणार? हात हलवण्याऐवजी तो नकळत दोन्ही बाजूंनी पाणी खाली दाबत राहतो. मान मागे, अंग उभं. काठावरच्यांना वाटतं, खेळतोय. अवघ्या 20 ते 60 सेकंदांत तो खाली जाऊ शकतो. म्हणून लहान मूल पाण्यात असेल तर मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर असावं, मोबाइल बाजूला ठेवून.

दुसरं वाक्य नेहमीचं: "आमच्या पोराला पोहता येतं, काळजी नाही." विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेल्या पोराला नदीची ओढ माहीत नसते. शेततळं तर आणखी वेगळं. आतून प्लास्टिकचा कागद, तिरका उतार, त्यावर शेवाळ. पट्टीचा पोहणाराही काठापर्यंत येतो, पण धरायला काही नसतं, पाय घसरत राहतो आणि शेवटी दम संपतो. ज्यांच्या रानात शेततळं आहे त्यांनी काठावर खुंट ठोकून गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवावा. कुंपण असेल तर उत्तमच.

जेवून लगेच पोहलं की पेटके येऊन माणूस बुडतो, याला तसा पुरावा नाही. पोट जड असेल तर थोडं थांबा, एवढंच. पोहण्याने उंची वाढते हेही तसलंच.

"पोहणं मुलींसाठी नाही" हे कुठून आलं, आम्हाला खरंच समजत नाही. पाय घसरून पाण्यात पडायला मुलगा काय, मुलगी काय! पडद्याची अडचण असेल तर बऱ्याच तलावांवर बायकांची वेगळी वेळ असते. अंगभर पोहण्याचा पोशाखही मिळतो. बुर्किनी 2004 साली ऑस्ट्रेलियातल्या अहेदा झनेटी यांनी तयार केली. मात्र सलवार-कमीज आणि दुपट्ट्यावर पाण्यात उतरू नका. कापड भिजून जड होतं, पायात गुंततं.

तोच दुपट्टा काठावरून फेकायला मात्र कामाचा. एक बुडतोय म्हणून दुसरा उडी मारतो, त्याच्यामागे तिसरा, आणि एकाच घरातली दोन-तीन माणसं जातात. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो. दोर, बांबू, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते द्या आणि आरडाओरडा करून माणसं जमवा.

बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, गरागरा फिरवणं, पोट दाबणं हे सगळं बंद करा. त्यात वेळ जातो आणि ओकारी श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास चालत नसेल तर उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने आधी श्वास द्या, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास, असं चालू ठेवा. दुसऱ्याने तोवर 108 लावावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.