पन्नास पानांसाठी गंबो

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या दक्षिण भागात, मामू व युनिस यांसारख्या शेतकरी गावांत, एक जुनी प्रथा पाळली जाते. मुखवटे घातलेले लोक घोड्यांवरून व गाड्यांतून घरोघर फिरतात आणि दारात उभे राहून गंबोसाठी शिधा मागतात. कोणी तांदूळ देतो, कोणी कांदे, कोणी सॉसेज. कोणी जिवंत कोंबडीच शेतात सोडतो आणि ती धरताना चिखलात लोळण्याची पाळी येते. संध्याकाळी सगळ्या शिध्यातून गंबो शिजतो, सारा गाव जेवतो आणि मध्यरात्री उपवासकाळ सुरू होतो. गोव्यातील इंत्रूज ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या दिवसाची मौज वेगळी सांगायला नको.

गंबो म्हणजे भातावर घेण्याचे दाट कालवण. आफ्रिकेतील काही भाषांत भेंडीला जे नाव आहे त्यावरून हा शब्द आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी त्यात भेंडी घातली. चॉक्टॉ या तेथील मूळ रहिवाशांनी सॅसफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड दिली. पीठ तेलातुपात भाजून रस्सा दाट करण्याची रीत फ्रेंचांची. १७५५ साली इंग्रजांनी आजच्या कॅनडातील अकेडिया प्रांतातून हाकलून दिलेले फ्रेंच भाषिक कॅथलिक शेतकरी पुढे लुइझियानात येऊन वसले. त्यांच्या वंशजांना केजन म्हणतात. या राज्यात जिल्ह्यालाही ‘पॅरिश’ म्हणजे धर्मग्राम म्हणतात. घरदार गमावलेल्या माणसांच्या हातांनी घडलेले हे अन्न आहे, म्हणूनच ते एकट्यादुकट्यासाठी न शिजता पंगतीसाठी शिजते.

भाताच्या खाचरातले कालवण

शेतकरी बांधवांनी तेथील एक पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. दक्षिण लुइझियानात भात उभे असतानाच खाचरात क्रॉफिश सोडतात. हा गोड्या पाण्यातला, झिंग्यासारखा पण नांग्या असलेला प्राणी. कापणीसाठी पाणी काढले की तो चिखलात बीळ करून राहतो. पावसाळी भाताप्रमाणे तेथेही कापणीनंतर धसकटे उरतातच. शरद ऋतूत त्यांवर पुन्हा पाणी भरतात. कुजत्या धसकटांवर पोसलेले बारीक जीव खाऊन क्रॉफिश वाढतो आणि हिवाळ्यापासून वसंतापर्यंत सापळ्यांत धरला जातो. भात व कालवण एकाच जमिनीतून निघते. गोव्याच्या खाजन शेतीत पावसाळ्यात भात आणि मानशीच्या दाराशी मासळी मिळते, त्याच जातीचे हे शहाणपण आहे. मात्र भातावरचे कीटकनाशक क्रॉफिशलाही मारते, म्हणून तेथे फवारणी फार जपून करावी लागते.

साहित्य (पन्नास पाने)

मैदा पाऊण किलो व तेल पाऊण किलो. कांदे अडीच किलो. ढोबळी मिरची दीड किलो. सेलरीचे देठ एक किलो. लसूण दीडशे ग्रॅम. भेंडी दोन किलो. धुरी दिलेले सॉसेज तीन किलो. डोक्यासकट कोळंबी पाच किलो. खेकडे तीन किलो. तांदूळ चार किलो. तमालपत्र, मिरी, लाल तिखट व मीठ. पातेले जाड बुडाचे, तीस लिटरचे असावे.

कांदा, ढोबळी मिरची व सेलरी या तिघांना केजन स्वयंपाकी ‘पवित्र त्रैक्य’ म्हणतात आणि लसणीला गमतीने ‘पोप’. त्यावरूनच ही चूल कोणत्या घरची हे कळते!

कृती

१. कोळंबी सोलून, धुऊन बर्फावर ठेवावी. डोकी व टरफले सोळा लिटर पाण्यात पाऊण तास उकळून पाणी गाळून घ्यावे. गंबोची अर्धी चव या पाण्यात असते.

२. सॉसेजच्या चकत्या परतून बाजूला काढाव्यात. भेंडी वेगळ्या कढईत तार जाईपर्यंत परतावी.

३. तेल तापवून मैदा घालावा व बेसनाच्या लाडवासाठी बेसन भाजतो तसा सतत ढवळत भाजावा. रंग आधी शेंगदाण्याच्या टरफलासारखा, मग जुन्या तांब्याच्या पैशासारखा आणि शेवटी चॉकलेटसारखा होतो. एवढ्या पिठाला पाऊण ते एक तास लागतो. काळे ठिपके दिसले तर पीठ करपले असे समजून टाकून द्यावे. त्याचा कडूपणा कशानेही जात नाही. पीठ जितके गडद, तितकी चव खोल, पण रस्सा दाट करण्याची शक्ती कमी होते.

४. रंग आला की चिरलेला कांदा, मिरची व सेलरी लगेच घालावी. त्यांच्या ओलाव्याने पिठाचे भाजणे थांबते. भाज्या मऊ झाल्यावर लसूण घालावी.

५. गाळलेले पाणी थोडे थोडे घालत ढवळावे. सॉसेज, भेंडी, तमालपत्र व तिखट घालून मंद आचेवर दीड तास शिजवावे आणि वर आलेले तेल काढून टाकावे.

६. साफ करून फोडलेले खेकडे शेवटच्या अर्ध्या तासात घालावेत. कोळंबी सर्वांत शेवटी, पाच मिनिटे; अधिक शिजली तर रबरासारखी होते. मीठ चाखूनच घालावे, कारण सॉसेज खारट असते.

भात वेगळा करून वर गंबो वाढावा. सॅसफ्रासची पूड वापरणारे ती पातेले उतरल्यावर घालतात. उकळली तर तिला तार सुटते. धुरी दिलेल्या सॉसेजऐवजी गोव्याचे सॉसेज घातले, तर त्यातील व्हिनेगर व मिरचीमुळे पदार्थ रुचकर होईल, पण चव गंबोची राहणार नाही.

उपवासकाळातील शुक्रवार

उपवासकाळातील शुक्रवारी लुइझियानातील कॅथलिक घरांत सॉसेज वगळून केवळ मासळीचा गंबो होतो. ज्यांना मासळी परवडत नाही त्यांच्यासाठी पालेभाज्यांचा गंबोही आहे. न्यू ऑर्लिन्सच्या प्रसिद्ध पाककुशल लिआ चेस (१९२३–२०१९) आपल्या उपाहारगृहात दरवर्षी पवित्र गुरुवारी असा गंबो करीत. त्यांच्या गंबोत मांसही असे, कारण दुसऱ्या दिवशी मांस वर्ज्य.

आरोग्याच्या दृष्टीने

पातेले मोठे असले की चूकही मोठी होते. आम्ही पुढील गोष्टी आग्रहाने सांगतो.

भाजलेले पीठ उकळत्या पाण्याहून कितीतरी अधिक तापलेले असते आणि कातडीला चिकटून बसते. मुलांना चुलीजवळ येऊ देऊ नये. भाजल्यास वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे; टूथपेस्ट, हळद किंवा तूप लावू नये.

कोळंबी-खेकड्याने कोणाला अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात किंवा धाप लागते का, हे पंगतीपूर्वी विचारून घ्यावे. अशांचे जेवण वेगळ्या भांड्यात व वेगळ्या पळीने करावे.

उरलेला गंबो त्याच पातेल्यात रात्रभर ठेवू नये. उकळीनेही न मरणारे काही जंतूंचे बीज मांसाच्या रश्श्यात असू शकते; पातेले हळूहळू निवताना ते पुन्हा वाढते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पंगतीला पोटदुखी व जुलाब होतात. उरलेले अन्न दोन तासांच्या आत उथळ ताटल्यांत, दोन-तीन बोटे खोल ओतून, गार करून फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिज नसेल तर बेताचेच शिजवावे. भाताचेही तसेच: उबदार जागी ठेवलेल्या भातात तयार होणारे एक विष पुन्हा तापवूनही जात नाही.

रक्तदाब असणाऱ्यांनी सॉसेज कमी घेऊन रश्श्यातील भेंडी व भाज्या घ्याव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेजसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाची गणना कर्करोगास कारण ठरणाऱ्या पदार्थांत केली. तेव्हा ते सणाचे अन्न म्हणून ठेवावे, रोजचे करू नये.

धर्मग्रामाच्या सणाला असे पातेले चढवायचे ठरले, तर कामे आधी वाटून घ्यावीत: एकाने पीठ सोडून हलू नये, चौघांनी कोळंबी सोलावी, एकाने घड्याळाकडे व उरलेल्या अन्नाकडे लक्ष ठेवावे. शिधा मात्र घरोघरचा असावा. ज्याच्या घरून चार कांदे आले, त्याचेही पान पंगतीत मानाचे असते.